पहिला कपल डान्स: कधीच न नाचलेल्या नवरा-नवरीसाठी

कोल्हापुरात वरातीत नाचायला कुणाला शिकवावं लागत नाही. हलगी कडाडली आणि घुमकं घुमायला लागलं की ज्याला पाय आहेत तो नाचतो, आणि गर्दीत कुणाचं पाऊल कुठं पडलं हे कुणालाच दिसत नाही. रिसेप्शनच्या स्टेजवर मात्र दोघंच असतात. समोर खुर्च्यांवर सगळे पाहुणे, डोक्यावर फोकस आणि चार कोपऱ्यांत मोबाईल. वरातीतला जोर इथं चालत नाही, आणि दुसरं काही येत नसतं.

कपल डान्स बिघडतो तो बहुतेक वेळा पावलांमुळे नाही. गाणं लांबलेलं असतं, साडी पायात येते, चप्पल निसटते, स्टेजवर तांदळाचे दाणे पडलेले असतात. या चार गोष्टी सांभाळल्या तर अगदी मोजकी पावलं पुरतात. खाली दिलेला सगळा नाच पाच-सहा हालचालींचा आहे. सहा आठवडे हातात असतील तर आरामात होतो, तीन असतील तर घाईत पण होतो.

आधी गाणं, मग पाऊल

गाणं निवडताना दोन गोष्टी बघा: वेग आणि शब्द.

वेग मोजायला यंत्र लागत नाही. गाणं लावा, घड्याळाकडं बघत १५ सेकंद पायानं ताल धरा, जितके ठोके आले त्याला चारनं गुणा. २४ ठोके आले तर मिनिटाला ९६. नवख्यांसाठी ८० ते १०५ ही सोयीची हद्द. ७० च्या खाली गेलात तर एका पायावर जास्त वेळ उभं राहावं लागतं आणि तोल जातो. प्रेक्षकांना वाटतं हे दोघं अडखळतायत. ११५ च्या वर शालू नेसून पाऊल पुरत नाही. कधी आकडा १८० च्या आसपास येतो, तेव्हा तुम्ही बहुधा दुप्पट मोजताय. एक ठोका सोडून एक मोजा, ९० होतील.

तालाचा प्रकारही पाहून घ्या. बहुतेक गाणी केरव्याच्या अंगाची असतात, म्हणजे आठ मात्रांचं आवर्तन: आठ ठोके मोजले की पुन्हा एकपासून. काही गाणी दादऱ्यात असतात: सहा मात्रा, तीन-तीनचे दोन भाग, झोक्यासारखी. परदेशी वॉल्ट्झ हा नाच तीन ठोक्यांचाच, त्यामुळं संथ दादऱ्यावर त्याची पावलं जशीच्या तशी बसतात. संथ वॉल्ट्झ मिनिटाला ८४ ते ९० ठोक्यांवर नाचतात. आपल्याकडची दादऱ्यातली बरीच गाणी त्याहून पळती असतात. तिथं प्रत्येक ठोक्याला पाऊल टाकायला गेलात की धावाधाव होते. त्यामुळं पहिल्यांदा नाचणाऱ्यांनी केरवाच घ्यावा.

आणि शब्द. चाल गोड आहे म्हणून विरहाचं गाणं घेतलं जातं, आणि नवरी स्टेजवर गिरकी घेत असताना गायक ‘तू सोडून गेलीस’ म्हणत असतो. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा कागदावर लिहून काढा. लिहिताना जे खटकेल ते स्टेजवर दहापट खटकतं.

लांबी: अडीच मिनिटं, त्यापुढं एक सेकंद नाही. मूळ गाणं चार-पाच मिनिटांचं असतं, ते कापावंच लागतं. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर असलं तर घरीच होतं. सुरुवातीचं संगीत दहा सेकंदांच्या आत ठेवा, मुखडा, मधलं संगीत, एक अंतरा, पुन्हा मुखडा, आणि शेवटचे चार-पाच सेकंद आवाज हळूहळू उतरवा. कापायचं ते समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर. आवर्तनाच्या मध्येच कात्री लागली तर तुमच्या पाचव्या काउंटला गाण्याचा पहिला ठोका येतो, आणि तिथून पुढं सगळा नाच अर्ध्या आवर्तनानं सरकतो. सरावात हे कळत नाही, कारण तोवर कान त्याला सरावलेले असतात. पाय मात्र दर वेळी त्याच जागी गोंधळतात.

आता हिशेब. ९६ च्या वेगाला एक आवर्तन बरोबर ५ सेकंदांचं होतं. अडीच मिनिटं म्हणजे १५० सेकंद, म्हणजे ३० आवर्तनं. एवढीच भरायची आहेत. गाणं मोठं वाटत होतं ते इथं लहान होतं.

वजन कुठल्या पायावर आहे?

पहिला आठवडा फक्त चालण्यात घालवा. कुणाला हे पटत नाही, पण नवख्यांच्या निम्म्या चुका इथल्याच असतात.

गाणं लावून खोलीभर चाला, दर दोन ठोक्यांना एक पाऊल. प्रत्येक पावलाला दुसरा पाय क्षणभर उचलून बघा. सहज उचलला गेला तर वजन पूर्ण सरकलं. उचलताना शरीर हेलकावलं तर वजन दोन्ही पायांत वाटलेलं राहिलं, आणि मग पुढचं पाऊल कुठल्या पायानं टाकायचं हे शरीराला कळत नाही. ‘अगं, डावा!’ ‘अरे, तुझाच चुकला!’ ही भांडणं इथून सुरू होतात.

शाळेत लेझीम किंवा कवायत केलेल्यांना डावा-उजवा पक्का असतो, पण त्यांना पाय आपटायची सवय असते. इथं पाऊल ठेवायचं, आपटायचं नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या नाहीत तर बरोबर चाललंय असं समजा.

एक नियम आत्ताच ठरवून टाका: नवरा नेहमी डाव्या पायानं सुरू करणार, नवरी नेहमी उजव्या. शेवटपर्यंत हा बदलायचा नाही.

हात कुठं, अंतर किती

नवऱ्याचा उजवा तळवा नवरीच्या डाव्या खांद्याच्या पात्यावर, पाठीला सपाट टेकलेला. तिचा डावा हात त्याच्या उजव्या दंडावर. उरलेले दोन हात, त्याचा डावा आणि तिचा उजवा, बाजूला एकमेकांत, तिच्या डोळ्यांच्या उंचीला. त्याहून वर गेले की तिचा खांदा दुखतो, खाली आले की दोघं पाण्याची घागर उचलताना दिसतात.

अगदी समोरासमोर उभे राहिलात तर गुडघ्याला गुडघा लागणार. दोघांनी आपापल्या डाव्या बाजूला किंचित सरका, म्हणजे प्रत्येकाचा उजवा पाय दुसऱ्याच्या दोन पायांच्या मधल्या रिकाम्या जागेकडं येतो. मध्ये वीतभर मोकळी जागा. एवढं जवळ येणं आजी-आजोबा, मामा आणि शाळेतले सर समोर असताना अवघड वाटत असेल तर दोन्ही हात एकमेकांच्या हातात, कोपर वाकलेले, दोन वीत अंतर अशी मोकळी पकड घ्या. खालची सगळी पावलं त्या पकडीतही होतात. अवघडलेला जवळचा नाच बघण्यापेक्षा मोकळेपणानं केलेला लांबचा नाच बघायला बरा वाटतो.

हातांत थोडा ताण हवा. दोरी फार ओढायची नाही आणि सोडायचीही नाही, तसा. नवऱ्याचा हात पिठाच्या गोळ्यासारखा ढिला असेल तर तो कुठं निघालाय हे नवरीला कळत नाही. लोखंडासारखा घट्ट असेल तर ती ढकलली जाते. दिशा हातानं द्यायची नसते. छाती आधी निघते, हात तिच्यामागून जातात.

नजर पायांकडं नको. खाली बघितलं की पाठ वाकते, पाठ वाकली की कपाळाला कपाळ लागतं. एकमेकांकडं बघून हसू आवरत नसेल तर दुसऱ्याच्या कानाकडं बघा. समोरून फरक कळत नाही.

पावलं

*डोलणं.* नवऱ्याचा डावा पाय बाजूला, वजन त्यावर (१-२), मग वजन उजव्यावर (३-४), परत डावा (५-६), परत उजवा (७-८). नवरीचं उलट. पाय जमिनीवरून फारसे उचलायचे नाहीत. ही तुमची विश्रांतीची जागा. काहीही विसरलं, काहीही चुकलं की इथं परत यायचं. म्हणून हे झोपेतही जमलं पाहिजे.

*चौकोन.* फरशीवर खडूनं एक फूट बाजूचा चौकोन काढा. नवऱ्यासाठी:

१-२: डावा पाय पुढं.
३: उजवा पाय उजवीकडं.
४: डावा उजव्याजवळ आणा, वजन डाव्यावर.
५-६: उजवा पाय मागं.
७: डावा पाय डावीकडं.
८: उजवा डाव्याजवळ, वजन उजव्यावर.

नवरीसाठी तेच, पण आरशातलं: १-२ ला उजवा मागं, ३ ला डावा डावीकडं, ४ ला उजवा डाव्याजवळ, मग ५-६ ला डावा पुढं, ७ ला उजवा उजवीकडं, ८ ला डावा उजव्याजवळ. एक आवर्तन, एक चौकोन.

दादऱ्याचं गाणं घेतलंच असेल तर हाच चौकोन सहा मात्रांत बसतो: पुढं-बाजूला-जवळ, मागं-बाजूला-जवळ.

चूक ठरलेली असते: चौथ्या आणि आठव्या काउंटला पाय जवळ येतो पण वजन येत नाही. पाय नुसता टेकवला जातो आणि मग पाचव्याला तोच पाय पुन्हा उचलला जातो. उपाय म्हणजे चारला आणि आठला मोठ्यानं ‘वजन’ म्हणायचं. दुसरी चूक मोठ्या पावलांची. नवऱ्याची ढांग दोन फुटांची असते, नवरीच्या निऱ्या एक फुटाच्या वर उघडत नाहीत. खडूचा चौकोन म्हणूनच फूटभराचा. त्याबाहेर पाय गेला की थांबा.

पहिले तीन-चार दिवस दोघांनी वेगवेगळा चौकोन करा, शेजारी शेजारी. जोडीनं करायची घाई झाली की दोघंही समोरच्याच्या चुकीशी जुळवून घेतात आणि दोघांचंही चुकीचंच पाठ होतं.

*गिरकी.* लोकांना हीच आवडते आणि करायला हीच सोपी. नवरा जागेवर डोलत राहतो. १ च्या आधी, म्हणजे मागच्या आवर्तनाच्या आठव्या काउंटला, त्याचा डावा हात वर जातो आणि उजवा हात तिच्या पाठीवरून सुटतो. नवरी त्या हाताखालून उजवीकडं, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, चार छोट्या पावलांत एक फेरी चालते: उजवा (१-२), डावा (३-४), उजवा (५-६), डावा (७-८). हे चालणं आहे, भोवऱ्यासारखं फिरणं नाही. टाचेवर किंवा चवड्यावर गर्रकन फिरायला गेलात तर स्टेजवरच्या कार्पेटवर पाऊल अडतं आणि गुडघा पिळतो.

हात तिच्या डोक्यावर असावा, त्याच्या नाही. अंबाडा आणि गजरा धरून तिची उंची चार-पाच बोटं वाढलेली असते. सरावात हे लक्षात राहत नाही आणि गजरा शेरवानीच्या बटणात अडकतो. पकड बोटांच्या आकड्याची: त्यानं दोन बोटं खाली सोडायची, तिनं ती सैल धरायची, म्हणजे फिरताना मनगट मुरगळत नाही. मनगट धरायचं नाहीच, कारण तिथं हिरवा चुडा असतो. काच फुटते आणि हातात शिरते.

*गोल चालणं.* उजव्या हातात उजवा हात, मध्ये एक काल्पनिक खांब, दोघं त्याभोवती आठ पावलं. मधल्या संगीतासाठी उत्तम, कारण इथं मोजायचं काही नसतं, श्वास घेता येतो, फोटोही चांगले येतात.

*शेवटची पोझ.* सगळ्यांना ‘डिप’ हवी असते, नवरीला मागं झुकवायची. करा, पण समजून. नवरा डावा पाय बाजूला लांब टाकून त्याचा गुडघा वाकवतो. नवरीचं वजन तिच्या स्वतःच्या पायावरच राहतं, त्याच्या हातावर येत नाही. तीन काउंट खाली, दोन थांबायचं, तीन वर. डोकं सगळ्यात शेवटी मागं जातं आणि सगळ्यात आधी वर येतं. पहिल्यांदा गादी मागं टाकून सराव करा. नवरी जितकी झुकते तितकीच ती एकटी, कुणी धरलेलं नसताना, सावरू शकली पाहिजे. बघणाऱ्यांना वीतभर झुकणंही भरपूर दिसतं. फेटा बांधलेला नवरा पुढं वाकला की शेमला नवरीच्या तोंडावर येतो, आणि नवरी मागं झुकली की कोल्हापुरी साज गळ्याशी सरकतो. दोन्ही आधी करून बघा. उचलून घेणं मात्र नको. दिवसभर उपाशी, रात्री जागलेला माणूस जरीच्या शालूसकट दुसऱ्या माणसाला उचलायला जातो तेव्हा काय होतं ते सांगायला नको.

तुमचा स्वतःचा भाग

वरचं सगळं कुठल्याही जोडप्याला चालेल. नाच तुमचा वाटायचा तर त्यात चार आवर्तनं, म्हणजे २० सेकंद, तुमची हवीत. त्यासाठी परक्या स्टेप शोधत बसायची गरज नाही, आपल्या अंगात आधीच असलेलं बरंच आहे.

संथ फुगडी घ्या. हातांची अढी, पायांचे चवडे जवळ, दोघं मागं झुकून एका आवर्तनात एकच फेरी. मंगळागौरीतली जलद फुगडी सगळ्यांनी पाहिलेली असते, पण तीच केरव्यावर संथ केली की लोक पहिल्यांदाच पाहिल्यासारखं बघतात. तोलाचं एकच गणित: जो वजनानं जड त्यानं कमी झुकायचं. नवरा ८० किलोचा आणि नवरी ५० ची असेल आणि दोघं सारखेच झुकले तर ती त्याच्याकडं ओढली जाणार. इथंही बोटांचे आकडे, मनगट नाही; आणि दोन फेऱ्यांच्या वर नाही, कारण नंतर चौकोन करायचाय.

झिम्मा बसवायचा तर असा: १ आपली टाळी, २ उजव्यावर उजवा, ३ आपली, ४ डाव्यावर डावा, ५ आपली, ६ दोन्ही हात समोरच्याच्या हातांवर, ७-८ एकमेकांभोवती अर्धी फेरी. मेंदी काढायच्या आधीच याचा सराव पुरा करा. लेझमीची एखादी चाल, तुमच्या कॉलेजच्या गॅदरिंगची खूण, दोघांना मिळून आठवणारा एखादा हावभाव, काहीही चालेल. फक्त तो शेवटच्या खुर्चीवरून दिसला पाहिजे. डोळा मारणं पहिल्या रांगेपलीकडं पोचत नाही.

तीस आवर्तनांची मांडणी

दोन बाजूंनी चालत येणं २. डोलणं ४. चौकोन ४. गिरकी आणि परत डोलणं २. गोल चालणं ४. तुमचा भाग ४. पुन्हा चौकोन ४. दोन गिरक्या २. डोलणं २. शेवटची पोझ २. झाली तीस.

हे कागदावर लिहून गाण्याच्या शब्दांशेजारी मांडा. आकडे मोजत नाचणारा माणूस चेहऱ्यावरून ओळखू येतो. ‘अंतरा सुरू झाला की गोल’ असं शब्दाला बांधलं की चेहरा मोकळा राहतो.

कपडे आणि पायताण

पाचव्या आठवड्यापासून सराव त्याच मापाच्या कपड्यांत. खरा शालू नको, आईची जुनी जड साडी चालेल.

नऊवारी नाचायला सगळ्यात सोयीची, काष्ट्यामुळं पाय मोकळे असतात. सहावारीत मागं टाकलेल्या पावलाची टाच आतून निऱ्यांवर पडते आणि निऱ्या सुटतात. म्हणून साडी नेसवणाऱ्या ताईंना आधी सांगा की नाच आहे: काठ घोट्याच्या हाडापर्यंत, त्या दिवशीची चप्पल घालूनच साडी नेसायची, आणि निऱ्यांना आतून एक जादा पिन. मागं पाऊल टाकताना टाच नाही, आधी चवडा घसटत न्यायचा. पदर डाव्या खांद्यावरून मागं सुटलेला असतो आणि नवऱ्याचा उजवा हात नेमका तिथंच येतो. हात सपाट ठेवला तर ठीक, मुठीत पदर आला आणि गिरकी सुरू झाली तर खांद्याची पिन ब्लाउज फाडते. पदर पुढं घेऊन कमरेला खोचला की हा प्रश्नच उरत नाही. लेहेंगा असेल तर घेर नवऱ्याच्या बुटाखाली येतो. तिथं त्याचं पुढचं पाऊल अर्धंच टाका.

पायताणाबद्दल इथं स्पष्ट बोलायला हवं. कोल्हापुरी चपलेवर प्रेम सगळ्यांचंच, पण मागं पट्टा नसतो आणि तळ चामड्याचा असतो: मागं पाऊल टाकलं की निसटते, गुळगुळीत फरशीवर सरकते, आणि नवी असेल तर अंगठ्याला चावते. घालायचीच असेल तर महिनाभर आधी घ्या, तेल लावून मऊ करा, रोज अर्धा तास घरात घाला आणि सगळा सराव त्याच जोडीवर करा. नाहीतर नवऱ्यानं मागून बंद असलेली मोजडी, नवरीनं दोन इंचापर्यंतची रुंद टाचेची, पट्टा असलेली सँडल. बारीक टाच स्टेजच्या फळ्यांच्या फटीत जाते, लॉनवर मातीत जाते. अनवाणी हा पर्यायही अजिबात वाईट नाही, स्टेज झाडलेला असेल तर.

कार्यालयात काय बघायचं

स्टेज बहुतेक ठिकाणी लोखंडी सांगाड्यावर प्लायवूड आणि वर कार्पेट असा असतो. आदल्या दिवशी जाऊन त्यावर चाला. फळ्यांचे सांधे कुठं आहेत, कार्पेट कुठं फुगतं, कुठली फळी दबते ते बघा आणि कार्पेट चिकटपट्टीनं ताणून बसवून घ्या. राजा-राणीचा सोफा, समया, फुलांचे खांब वजा केले तर हातात बऱ्याचदा दहा बाय आठ फूटच उरतात. एक फुटाच्या चौकोनाला ते पुरतात. सोफा मागं सरकवता येतो का ते डेकोरेशनवाल्याला आधीच विचारा. त्या रात्री विचारलं तर ‘आता नाही हो जमणार’ हेच ऐकू येतं.

नाचाच्या पाच मिनिटं आधी एका भावाला झाडू घेऊन उभा करा. हे काम खरंच कुणाच्या तरी नावावर टाका. अक्षता, फुलांच्या पाकळ्या, कागदी फटाक्यातले चकचकीत तुकडे. गुळगुळीत जागेवर तांदळाचा दाणा पायाखाली गोळीसारखा फिरतो. ड्राय आइसचा धूर हवा असेल तर पहिल्या अर्ध्या मिनिटापुरताच. तो पाय झाकतो हा नवख्यांचा फायदा, पण फरशी दमट करतो हा तोटा. थंड ठिणग्यांची यंत्रं स्टेजच्या कडेला ठेवायची आणि पदराच्या टप्प्यात आणायची नाहीत. पोझच्या वेळीच ती सुटणार असतील तर ऑपरेटरला गाण्यातला नेमका शब्द सांगून ठेवा.

लॉनवर असाल आणि तारीख एप्रिल-मे ची असेल तर वळवाचा पाऊस गृहीत धरा. कोल्हापुरात तो नेमका संध्याकाळी येतो. आतल्या हॉलमध्ये कुठं नाचायचं हे आधीच ठरवून ठेवा.

आवाजाचं एक कुणी सांगत नाही. स्पीकर प्रेक्षकांकडं तोंड करून असतात. स्टेजवर तुम्हाला गाणं थेट कमी आणि समोरच्या भिंतीवरून परतून जास्त ऐकू येतं. भिंत ३० मीटरवर असेल तर तो आवाज जाऊन येऊन ६० मीटर कापतो, म्हणजे सेकंदाचा साधारण सहावा भाग उशिरा. ९६ च्या गाण्यात ठोक्याला ठोका लागायला पाऊण सेकंदही नसतो, त्यामुळं पाय डगमगतात आणि का ते कळत नाही. साउंडवाल्याला एक स्पीकर तुमच्याकडं वळवायला सांगा. गाणं पेन ड्राइव्हवर द्या, दुसरी प्रत एखाद्या मित्राच्या फोनमध्ये, वायरनं जोडायची, फोन विमान मोडवर. ब्लूटूथवर नाचायला गेलात की मामांचा फोन येतो.

वेळ: रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम ध्वनिप्रदूषणाचा आहे आणि तो पाळावा लागतो. पण खरी अडचण त्याआधीची. फोटोची रांग एकदा लागली की ती तुटत नाही. ‘थोडी कमी झाली की नाचू’ म्हणणारे रात्री साडेनऊला अजून हात जोडून उभे असतात. म्हणून नाच एन्ट्रीबरोबरच लावा, सोफ्यावर बसायच्या आधी. पाय ताजे असतात, साडीच्या पिना जागेवर असतात, पाहुण्यांचं लक्ष अजून जेवणाकडं गेलेलं नसतं.

सराव कसा, कुठं

आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी ४० मिनिटं. त्याहून लांबवलं की शेवटी नाच राहतो बाजूला आणि पाहुण्यांच्या यादीवर चर्चा सुरू होते. पहिला आठवडा गाणं आणि चालणं, दुसरा डोलणं आणि वेगवेगळा चौकोन, तिसरा जोडीनं चौकोन आणि गिरकी, चौथा तुमचा भाग, पाचवा कपड्यांसह पूर्ण, सहावा फक्त न थांबता पूर्ण नाच, दिवसाला तीनदा. हळदीच्या दोन दिवस आधीपासून नवीन काही घालायचं नाही.

गच्ची चालेल, पण खरखरीत कोब्यावर अनवाणी नको. रंकाळा तलावावर पहाटे जागा मोकळी असते आणि फिरायला येणारे आजोबा सल्ले फुकट देतात. घरच्यांसमोर नाचायची भीड मोडायला ते बरंच उपयोगी पडतं.

एकजण पुण्यात नोकरीला आणि दुसरा इथं, हे आता नेहमीचं. व्हिडिओ कॉलवर एकत्र नाचायचा प्रयत्न करू नका. आवाज उशिरा पोचतो, दोघांना दोन वेगळे ठोके ऐकू येतात. दोघांकडं तीच कापलेली फाइल ठेवा, आपापला भाग एकट्यानं करा, व्हिडिओ एकमेकांना पाठवा, आणि शनिवार-रविवार भेटून जोडा. फोन कमरेच्या उंचीवर ठेवून शूट करा. वरून घेतलेल्या व्हिडिओत पाय दिसत नाहीत.

कोरिओग्राफर लावणार असाल तर पहिल्या दिवशी तीन गोष्टी विचारा: पैसे तासावर की गाण्यावर, दोघांच्या वेगवेगळ्या भागांचा संथ व्हिडिओ देणार का, आणि तुमच्या साडीत ही पावलं होतात का ते बघणार का. पहिल्याच तासात जो वीस स्टेप दाखवतो त्याला सांगा, सहा पुरेत.

त्या रात्री चुकलं तर

चुकणार आहे. कुठं ते फक्त ठाऊक नाही.

खूण ठरवून ठेवा: ज्याचं चुकलं त्यानं दुसऱ्याची बोटं दोनदा दाबायची. दाब आला की दोघंही डोलायला लागायचं आणि मुखडा परत आला की तिथून चौकोन धरायचा. मधलं राहिलेलं भरून काढायला धावायचं नाही. गाणं मध्येच बंद पडलं तर डीजेकडं बघू नका, डोलत राहा. मागच्या रांगेतले मित्र टाळ्या धरतात आणि तोवर वायर जोडली जाते. चप्पल निसटली तर दुसरीही तिथंच काढा, बाजूला सारा आणि पुढं चला.

सकाळपासून उपाशी असाल तर नाचाच्या तासभर आधी केळं किंवा दोन घास भात खा, पाणी थोडं थोडं. हात घामेजत असतील तर पावडर स्टेजवर येण्याआधी, खोलीतच लावा. स्टेजवर सांडलेली पावडर अक्षतांच्या वरताण घसरवते.

आणि शेवटची पोझ सुटल्यावर लगेच सोफ्याकडं वळू नका. फोटोवाल्याला तीन सेकंद लागतात.